४,२४० युरोंना गंडा: ऑस्ट्रियन-जर्मन मिलिटरी पदकं आणि युनिफॉर्म विकत घेणाऱ्यांनी हे वाचाच

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, कारण लोक म्हणणार की एवढा शिकलेला माणूस आणि असा कसा फसला. म्हणू देत. आपल्यातली बरीच मुलं आता जर्मनी-ऑस्ट्रियात नोकरीला आहेत, त्यातल्या काहींना माझ्यासारखाच जुन्या वस्तूंचा नाद आहे, आणि तो भामटा अजून मोकळा फिरतोय, म्हणून लिहितोय.

आधीच सांगतो, मी नवखा नाही. व्हिएन्नाला आल्यापासून पहिल्या महायुद्धापर्यंतच्या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या शाही फौजेचं वाचतोय. आर्सेनलमधल्या लष्करी म्युझियममध्ये साराएवोची ती गाडी आणि त्या गाडीत ज्याचा खून होऊन पहिलं महायुद्ध पेटलं त्या युवराज फ्रान्झ फर्डिनांडचा रक्ताचे डाग असलेला युनिफॉर्म पाहिला तेव्हापासून डोक्यात बसलं. एका फौजेत अकरा भाषा, कमांड जर्मनमध्ये आणि तीही जेमतेम ऐंशी शब्दांची, बाकी रेजिमेंटमध्ये शिपायांची जी भाषा ती अधिकाऱ्याने शिकायची. आपल्या देशातल्या माणसाला यात रस वाटणारच ना? हिटलरच्या काळातल्या वस्तूंना मी हात लावत नाही, माझं सगळं १९१८ च्या आधीचं. नाशमार्क्टच्या शनिवारच्या जुन्या बाजारातून ब्राँझची, लहान चांदीची पदकं घेतली, त्यात कधी फसलो नाही.

तर जाहिरात होती शौर्यपदकाची, सोन्याच्या वर्गाची, सोबत प्रदानपत्र आणि त्याच शिपायाचा परेडचा गडद निळा कोट, कॉलर आणि कफ आकाशी, पिवळी बटणं, म्हणजे चौथी इन्फंट्री रेजिमेंट, व्हिएन्नाची लाडकी डॉइचमाइस्टर. विकणारा जर्मनीतला. गोष्ट तुम्हाला माहीतच आहे, पणजोबांची ट्रंक, आई वारली, घर विकायचंय, चांगल्या माणसाच्या हातात जावं एवढीच इच्छा. पदक आणि कागद मिळून २,८५० युरो, कोट १,३००, पॅकिंग-इन्शुरन्स ९०. एकूण ४,२४०. आपल्याकडचे चार लाखांच्या वर. नाव असलेला, कागदासकट असलेला असा सेट खरा असेल तर हा भाव वेडगळ नाही, हे या क्षेत्रातला कुणीही सांगेल. फार स्वस्त असतं तर मीच संशय घेतला असता.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून झोप उडते. कागदावर तारीख होती ऑगस्ट १९१५. आणि पदकावर चेहरा सम्राट कार्लचा, मागे लॅटिन 'फोर्टिटुडिनी', म्हणजे 'शौर्याला'. आधीचा सम्राट फ्रान्झ योसेफ वारला २१ नोव्हेंबर १९१६ ला, कार्ल त्यानंतर गादीवर आला. १९१५ ला दिलेल्या पदकावर फ्रान्झ योसेफचाच चेहरा हवा आणि मागे तेच जर्मनमध्ये, 'डेर टाप्फरकाइट'. हे मला माहीत नव्हतं का? पाठ होतं! फोटो मोठा करून पाहिला, दिसलं, आणि विचारलंसुद्धा. दहा मिनिटांत उत्तर आलं की मूळ पदक गॅलिशियाच्या आघाडीवर हरवलं आणि पणजोबांनी १९१७ नंतर व्हिएन्नातल्या सराफाकडून दुसरं घेतलं, घरात ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. आणि हे अगदी अशक्य नव्हतं हो. त्या काळी लोक सराफाकडून स्वतःच्या पदकाची दुसरी प्रत खरंच करून घ्यायचे, अशा प्रती आजही बाजारात असतात. म्हणजे या माणसाला विषय येत होता, माझ्याइतकाच येत होता, आणि कुठल्या शंकेला कुठलं उत्तर द्यायचं ते त्याने आधीच ठरवून ठेवलं होतं. पण मग सराफाची प्रत २,८५० ला का, हा पुढचा प्रश्न त्या रात्री मी विचारायला हवा होता. तो विचारायच्या आत फोनवर म्हणाला की सोमवारी एका म्युझियमचा माणूस बघायला येतोय. झालं, रविवारी पैसे पाठवले. बँक ट्रान्सफरने. ज्या पेमेंटमध्ये खरेदीदाराला संरक्षण असतं ते त्याला चालत नव्हतं, म्हणे फी कापतात. हे ऐकलं की तिथेच थांबायचं, समोरचा कितीही गोड बोलत असू दे.

पार्सल आलं, म्हणजे ते तरी पाठवलं. पदक हातात घेतलं आणि कळलं. खरं पदक छाप्याखाली ठोकून पाडलेलं असतं, अक्षरांच्या कडा बोटाला लागतात. हे ओतीव होतं, भिंगाखाली बारीक बुडबुड्यांचे खड्डे, कडेवर कानस मारल्याच्या रेघा, खाली काउच या कलाकाराची सही पुसट. खऱ्याचा व्यास ४० मिलीमीटर, हे साच्यातून ओतल्यामुळे पाऊण मिलीमीटरने कमी भरलं. युद्ध लांबलं तसं सोन्याऐवजी मुलामा दिलेलं ब्राँझ देत होते, पण मग कडेवर तसा शिक्का असतो, इथे कडेवर काहीच नाही. प्रदानपत्रावरचं टायपिंग लेझर प्रिंटरचं. आणि कोट! दिवे घालवून यूव्ही टॉर्च मारला तर शिवणीचा धागा ट्यूबलाइटसारखा पांढराशुभ्र चमकला. कपडे उजळ दिसावेत म्हणून घालतात ती रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास आली, १९१४ च्या धाग्यात ती कुठून असणार. कसरीची भोकंही बनावट, कारण कसर लोकर खाते, सुती अस्तर सोडते, इथे भोक लोकरीतून थेट अस्तरातून आरपार, म्हणजे कात्रीचं काम. अस्तराला चहाचा वास येत होता, जुनं दिसावं म्हणून चहात बुडवलेलं.

यात सगळ्यात संताप कशाचा आला सांगू? नंतर इथल्या क्रिग्सआर्काइव्हमध्ये, म्हणजे लष्करी दप्तरखान्यात चौकशी केली. पहिल्या महायुद्धातल्या बक्षिसांच्या शिफारशी तिथे आहेत, सामान्य माणसालाही बघता येतात. तो शिपाई खरा निघाला. खरंच डॉइचमाइस्टरमध्ये होता आणि त्याला ब्राँझचं पदक मिळालं होतं, जे आज बाजारात पंचवीस युरोला मिळतं. त्या माणसाने जे कमावलं ते त्याचं होतं, त्याच्या नावावर खोटं सोनं चिकटवून या हलकटाने धंदा केला. नाव असलेला सेट घेताना आधी दप्तरखाना, मग पैसे. विकणारा सोमवारपर्यंत थांबत नसेल तर जाऊ दे त्याला. जर्मन फौजेतला बव्हेरियन शिपाई असेल तर म्युनिकला कागद मिळतात. प्रशियन असेल तर मात्र पॉट्सडामचं लष्करी दप्तर एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं, आणि म्हणूनच भामट्यांना प्रशियन नावं आवडतात, कारण खोटं पाडायला कागदच नाही.

आता तक्रारीचं ऐका. इथल्या पोलिसांनी पहिला प्रश्न काय विचारला, तर वस्तू नाझी काळातल्या आहेत का. म्हणजे फसलेला मी आणि गुन्हेगारही मीच! सम्राट कार्ल म्हणजे १९१८ च्या आधीचा, हे व्हिएन्नात बसून मी, पुण्याच्या माणसाने, त्यांना समजावून सांगायचं. मग म्हणाले विकणारा जर्मनीत आहे, तिकडे करा. तिकडच्या पोर्टलवर केली, तर मेल आला की तुम्ही राहता तिथे करा. पुन्हा इकडे. इकडे आता दुसरा माणूस, फाइल नाही, पहिल्यापासून सांगा. बँक म्हणाली ट्रान्सफर तुम्हीच मंजूर केलंत, आम्ही विनंती पाठवू, समोरच्या खातेदाराने होकार दिला तर पैसे परत येतील. चोराने होकार दिला तर! ही सोय आहे म्हणे. सगळं जर्मन पत्र लिहून दिलं, फोटो, मापं, तज्ज्ञाचं लेखी मत १८० युरो देऊन जोडलं, आणि महिनोन्‌महिने शांतता. शेवटी सरकारी वकिलाच्या ऑफिसातून दोन परिच्छेदांचं पत्र, की विकणाऱ्याला वस्तू खोटी आहे हे माहीत होतं असं सिद्ध होत नाही, तपास बंद, दिवाणी मार्ग मोकळा आहे. अरे, लेझर प्रिंटरवर १९१५ चा कागद छापणाऱ्याला माहीत नव्हतं? तज्ज्ञाचं मत कुणी उघडून तरी पाहिलं का? वकिलाला १९० युरो देऊन विचारलं तर तो म्हणाला कोर्टात जायचा खर्च वसुलीपेक्षा जास्त होईल. शिवाय जाहिरातीत कुठेच 'ओरिजिनल' हा शब्द नव्हता. 'फोटोत दिसतं तसं, खासगी विक्री, परत घेतलं जाणार नाही' एवढंच. ओरिजिनल आहे हे तो फक्त फोनवर बोलला. तेव्हा फोनवर काही ऐकून घेऊ नका, 'ओरिजिनल, १९१८ पूर्वीचं' असं लिहून मागा, नाही लिहिलं तर विषय संपला.

आयर्न क्रॉस, म्हणजे जर्मन फौजेचं क्रॉसच्या आकाराचं पदक, जमवणाऱ्यांसाठीही सांगतो. चुंबक चिकटलं म्हणून नाचू नका, आजच्या नकलाही लोखंडी गाभ्याच्या असतात. १९१४ चा दुसऱ्या वर्गाचा क्रॉस पन्नास लाखांहून जास्त लोकांना दिला होता, तो दुर्मिळ आहे म्हणून कुणी भाव वाढवत असेल तर तो चोर. आणि निळ्या मिन्याचा 'पूर ल मेरीत', म्हणजे प्रशियाचा सर्वोच्च लष्करी सन्मान, त्या युद्धात फक्त ६८७ जणांना मिळाला, तो कुणाच्या ट्रंकेत पंधराशे युरोला पडलेला नसतो.

परवा तीच गोष्ट पुन्हा दिसली, वेगळ्या नावाने, या वेळी टिरोलचा काइझरयेगर, म्हणजे शाही पायदळातला शिपाई, आणि ट्रंक आजोबांची. लिंक पोलिसांना पाठवली, 'आपला मेल मिळाला' असं आपोआप उत्तर आलं. फोटोत मागे हिरव्या फुलांचा टेबलक्लॉथ आहे, तो दिसला तर पैसे पाठवू नका. आणि कुणी आधीच पाठवले असतील तर लाजू नका, मला कळवा, कारण आपल्या तक्रारी सुट्या सुट्या गेल्या की त्यांना प्रत्येक फाइल दिवाणी म्हणून बंद करायला सोपं जातं, चार-पाच जणांची एकत्र गेली तर 'माहीत नव्हतं' हे त्याला म्हणता येणार नाही.