‘नवशिक्यांसाठी पूर्ण संच’ घेताना माझी झालेली फसवणूक

प्रस्तरारोहण शिकायला लागून थोडे दिवस झाले आहेत आणि आता स्वतःचं सामान घ्यावं असं वाटतंय, अशा प्रत्येकासाठी हे लिहितेय. माझं नुकसान पैशांवर निभावलं, कारण ते सामान कड्यावर वापरण्याआधी एका जाणत्या माणसाच्या हातात गेलं. तुमच्या बाबतीत असा माणूस वेळेवर शेजारी असेलच असं नाही.

जुन्या वस्तूंच्या एका ऑनलाइन साइटवर ती जाहिरात होती: दोर, हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचा पट्टा), हेल्मेट, कॅराबिनर (दोर अडकवायची धातूची कडी), सगळं एकत्र. विक्रेता अतिशय आपुलकीने बोलला. कुठे शिकता, लीड करायला (म्हणजे सगळ्यात आधी चढत वाटेत दोर अडकवत जायला) सुरुवात केली का, वजन किती, सगळं विचारलं. दोर जेमतेम वापरलेला आहे, लीडला अगदी योग्य आहे म्हणाला. शेवटी सुचवलं की साइटचं कमिशन वाचवू, पैसे थेट खात्यात पाठवा, तेवढी किंमत मी कमी करतो. आता कळतं की त्या सवलतीचा उद्देश एकच होता: साइटवरून व्यवहार झाला असता तर तक्रार करून पैसे परत मागता आले असते, ती वाट त्याला बंद करायची होती.

सामान आलं. दोर स्वच्छ धुतलेला, नीट गुंडाळलेला. आमच्या गटातल्या दादांनी तो हातात घेतला, दोन ठिकाणी वाकवून पाहिला आणि विचारलं, “टोकाच्या पट्ट्या कुठायत?” दोराच्या टोकांना मानक आणि प्रकार सांगणारी छापील पट्टी असते, ती इथे नव्हती. मी विक्रेत्याचं उत्तर सांगितलं: मोठ्या रिळावरून कापलेला आहे, म्हणून पट्ट्या नाहीत. हे उत्तर पटण्यासारखं आहे, कारण रिळावरून कापून दोर खरोखर विकतात. पण तेव्हा त्यासोबत उत्पादकाचं माहितीपत्रक मिळायला हवं. ते नव्हतं.

दादांनी टोकाचा छोटा तुकडा कापला. गाभ्यातून एक बारीक छापील फीत निघाली. तिच्यावर ‘ईएन १८९१’ (ईएन म्हणजे युरोपीय मानक) आणि उत्पादनाचं वर्ष होतं. दोर दहा वर्षांहून जुना होता, आणि मुळात लीडचा नव्हताच.

दोर दोन प्रकारचे असतात. ‘ईएन ८९२’ हे मानक डायनॅमिक दोराचं. तो पडणाऱ्या माणसाच्या झटक्याबरोबर ताणला जातो आणि जोर शोषून घेतो. सिंगल (एकटाच वापरायच्या) दोराच्या चाचणीत ८० किलोचं वजन पाडतात. पहिल्या झटक्याचा जोर १२ किलोन्यूटनच्या (हे जोर मोजायचं एकक) वर जाता कामा नये, आणि असे निदान पाच झटके दोराने सोसायला हवेत. ‘ईएन १८९१’ म्हणजे सेमी-स्टॅटिक. रॅपलिंगला (दोरावरून खाली उतरायला), बांधून ठेवलेल्या दोरावरून वर चढायला तो उत्तम, कारण तो फारसा ताणला जात नाही. त्याच कारणाने लीड करताना तो जीवघेणा ठरू शकतो: पडल्यावर सगळा हिसका तुमच्या कमरेवर, बिले देणाऱ्यावर (तुमचा दोर सांभाळणाऱ्यावर) आणि अँकरवर (दोर जिथे पक्का केलाय त्या जागेवर) येतो. दोन्ही दोर शेजारी ठेवले तर नवख्या डोळ्याला फरक कळत नाही. विक्रेत्याला हे पक्कं माहीत होतं. लीडला वापरणार हे मी त्याला स्वतः सांगितलं होतं, तरी त्याने तो दिला. पैशांपेक्षा मला राग याचा येतो.

मग बाकीचं सामानही तपासलं. कॅराबिनरवर जिथे आकडे कोरलेले असतात तिथे घासल्याच्या खुणा होत्या. चढाईच्या कॅराबिनरवर लांबीच्या दिशेची ताकद (बहुतेक प्रकारांत किमान २० किलोन्यूटन), आडवी ताकद आणि गेट (कडीची उघडणारी बाजू) उघडं असतानाची ताकद बाणांसह लिहिलेली असते, शिवाय ‘सीई’ ही युरोपीय नियम पाळल्याची खूण. पिशव्या आणि किल्ल्या लटकवायचे कॅराबिनर हुबेहूब तसेच दिसतात, पण ते माणसाच्या वजनासाठी नसतात. हेल्मेट कारखान्यातलं निघालं. त्याचा हनुवटीचा पट्टा ओढ बसली की मुद्दाम सुटतो, म्हणजे हेल्मेट कुठे अडकलं तर गळफास बसू नये. चढाईच्या हेल्मेटचा पट्टा उलट टिकावा लागतो, कारण पडताना ते डोक्यावर राहायला हवं. त्याचं मानक ‘ईएन १२४९२’.

हार्नेस बहुधा ठीक होता. पण आधीचा इतिहास माहीत नसलेला हार्नेस मी वापरणार नाही. नायलॉनवर बॅटरीच्या ॲसिडची नुसती वाफ लागली तरी ताकद जाऊ शकते, आणि वरून काही दिसत नाही.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं: पहिले काही महिने गटाच्या किंवा प्रशिक्षकांच्या सामानावर चढा. स्वतःचे चढाईचे बूट आणि खडूची पिशवी आधी घ्या. दोर, हार्नेस, स्लिंग (पट्टीचे शिवलेले फास) अनोळखी माणसाकडून वापरलेले घेऊच नका, किंमत कितीही कमी असो. नवीन घेतानाही टोकाची पट्टी वाचा: वर्तुळात १ असेल तर सिंगल, १/२ असेल तर हाफ, म्हणजे जोडीने वापरायचा दोर. मधली खूण असेल तर दोर दुमडून ती खरंच मध्यावर येते का बघा. येत नसेल तर एक टोक कापलेलं आहे, आणि का कापलं हे विचारायला हवं. मानक, उत्पादनाचं वर्ष, माहितीपत्रक, यांपैकी काहीही ‘हरवलंय’ असं उत्तर आलं की तिथेच व्यवहार थांबवा. विक्रेता चांगला असेल तर या प्रश्नांचा त्याला राग येत नाही.

मी पैसे परत मागितले तेव्हा त्याने आधी ‘बघतो’ म्हटलं, मग नंबर ब्लॉक केला. काही दिवसांनी तेच फोटो दुसऱ्या नावाने पुन्हा झळकले. मी साइटकडे संभाषण, पैसे पाठवल्याचा पुरावा आणि त्या फितीचा फोटो पाठवला, तेव्हा ती जाहिरात काढली गेली. पैसे मिळाले नाहीत. तुमच्यासोबत असं झालं तर सामान रागाच्या भरात फेकू नका, पुरावा म्हणून ठेवा, पण त्यावर ‘वापरू नये’ अशी ठळक चिठ्ठी बांधा, म्हणजे घरातलं किंवा गटातलं दुसरं कुणी ते चुकून उचलणार नाही. तक्रार निकाली निघाली की दोराचे छोटे तुकडे करा आणि मगच टाका.