म्हशीच्या देवीवर औषध तपासायचंय: एमटीटी लावू की प्लाक मोजू?

निपाणी-चिकोडीकडे धार काढणाऱ्याच्या बोटावर मधोमध खळगा पडलेला फोड दिसला, की मी आधी म्हशीच्या सडांची चौकशी करतो. २००९ साली शेजारच्या कोल्हापूर-सोलापुरात हा बफेलोपॉक्स, म्हणजे म्हशीची देवी, म्हशींबरोबर माणसांतही पसरला होता. म्हणून आपल्या बेळगाव भागातली मुलं या विषाणूवर किंवा त्याच्या भावकीतल्या व्हॅक्सिनियावर (देवीच्या लशीतला विषाणू) औषधं तपासायला घेतात, तेव्हा मनापासून बरं वाटतं. वनस्पतींचे अर्क घेऊन येणाऱ्यांचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला असतो: एमटीटी की प्लाक?

एमटीटी हे पिवळं रसायन जिवंत पेशी जांभळं करतात; तो रंग मोजून किती पेशी वाचल्या ते कळतं. प्लाक म्हणजे विषाणूने पेशींच्या थरात पाडलेली भोकं; ती मोजायची. मी दोन्ही केलंय. एमटीटीची सोय मोठी आहे. ९६ खणांच्या एका प्लेटीत बरेच नमुने बसतात आणि ५७० नॅनोमीटरवर यंत्र आकडे काढून देतं. शुद्ध, रंगहीन रसायनं ढिगाने तपासायची असतील तर तिला नावं ठेवायचं कारण नाही.

माझं मत फिरलं ते आमसुलामुळे. खानापूरकडच्या रातांब्याच्या सालीचा लालभडक अर्क घेतला होता. सगळ्यात दाट मात्रेच्या खणांत पेशी जवळपास सगळ्या जिवंत, असं यंत्र सांगत होतं. दोन दिवस मी हवेत होतो. मग तशाच खणांची दुसरी प्लेट, एमटीटी घालण्याआधी, सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पेशी गोल होऊन, तळ सोडून तरंगत होत्या. शेवटी पेशी नसलेल्या खणात नुसता अर्क आणि एमटीटी घातलं, तर तेही जांभळं झालं! अर्कातली अँटिऑक्सिडंट द्रव्यंच एमटीटीचं क्षपण करत होती, म्हणजे पेशींशिवायच त्याला जांभळं करत होती. पेशी नसलेल्या खणाचा आकडा वजा करून बघितला. अर्क धुऊन मग एमटीटी घालूनही बघितलं, तर धुताना अर्धवट सुटलेल्या पेशीच वाहून गेल्या.

प्लाकमध्ये कष्ट आहेत, ते लपवत नाही. सहा खणांच्या प्लेटी, वर सीएमसीचा दाट थर (विषाणू इकडेतिकडे वाहू नये म्हणून), दोन-तीन दिवसांची वाट, मग क्रिस्टल व्हायोलेटचा रंग आणि पुढे प्लेट उजेडावर धरून मोजत बसणं. दोघांनी मोजलं तर आकडे थोडे वेगळे येतात. पण जे दिसतं ते विषाणूने केलेलं असतं.

तुलनेसाठी टेकोव्हिरिमॅट हे देवीवरचं औषध ठेवलं तेव्हा हे जास्त पटलं. ते विषाणूच्या पी३७ प्रथिनाला अडवतं, त्यामुळे बाहेरचं वेष्टण चढत नाही आणि विषाणू एका पेशीतून दुसऱ्या पेशीत नीट पसरत नाही. मोहरीएवढे प्लाक खसखशीएवढे झाले होते. संख्या त्या मानाने फारशी घटली नव्हती. विषाणूच्या डीएनएच्या नकला काढणाऱ्या डीएनए पॉलिमरेजवर काम करणाऱ्या सिडोफोव्हिर या औषधाच्या खणांत मात्र प्लाकच मोजके उरले. औषध कुठे अडवतंय याचा एवढा अंदाज एमटीटीच्या आकड्यातून मला कधी आला नाही. म्हणून संख्येबरोबर आकारही टिपून ठेवा.

शेळ्यामेंढ्यांच्या ऑर्फवर (तोंडाभोवती फोड आणणारा विषाणू) काम असेल तर माझा अनुभव तुम्हाला तितकासा लागू पडणार नाही. तो पॅरापॉक्स, म्हणजे याच कुळातल्या वेगळ्या गटाचा, आहे आणि माझ्या हाताला त्याचे इतके स्वच्छ प्लाक कधी आले नाहीत.

तुमची प्रयोगशाळा, तुमचा वेळ, तुम्हीच ठरवा. पण रंगीत अर्क असेल आणि एकच पद्धत परवडणार असेल, तर मी प्लाकच घेईन. एमटीटी घेतलीच, तर अर्क आहे पण पेशी नाहीत असा एक रकाना प्रत्येक प्लेटीत ठेवा.