स्पायडर लिली: नऊ महिने सांभाळल्यानंतर

फेब्रुवारीत रोपवाटिकेतून स्पायडर लिलीचे सहा कांदे आणले, आता नोव्हेंबर लागला. हारवाल्यांकडे पांढऱ्या लांबट कळ्यांच्या जुड्या असतात ना, तीच ही. विकणाऱ्याने बजावलं होतं, "कांदाच आहे ताई, पाणी बेतानं." अप्पांनीही मान डोलावली. सांगलीकडे त्यांचा जन्म हळदीत गेलेला. सरीत पाणी तुंबलं की कंदकूज, हे डोक्यात पक्कं. मग मीही कुंडीत निम्मी वाळू घालून आठवड्यातून दोनदाच पाणी देत बसले.

चार महिने फुकट गेले. एप्रिलमध्ये पारा ४० कडे सरकला तशी पानं लोळली, टोकं करपली. फूल सोडाच, नवं पान येईना.

जूनमध्ये वैतागून तीन कांदे मागच्या दारी खुपसले, टाकी भरून वाहते तिथे. काळी माती, पाणी हटत नाही; मोगरा तिथेच कुजला, जास्वंदही पिवळी पडून गेली. मरायचे तर मरू देत म्हटलं. पंधरा दिवसांत पानं ताठ! मग शोधलं तर ही बाई मूळची मेक्सिको नि मध्य अमेरिकेकडची, ओल्या, पाणथळ जागेत रमणारी. शास्त्रीय नाव हायमेनोकॅलिस लिटोरॅलिस, त्यातल्या लिटोरॅलिसचा अर्थच किनाऱ्यावरची. नाव आधी वाचलं असतं तर उन्हाळा वाचला असता.

ऑगस्टमध्ये दांडा आला, टोकाला नऊ कळ्या. दिवेलागणीला एखाद-दुसरी उमलते. सहा लांब, बारीक पाकळ्या कोळ्याच्या पायांसारख्या पसरलेल्या, मध्ये पातळ पापुद्र्याची वाटी आणि वाटीच्या काठावर उभे पुंकेसर. वास मोगऱ्यासारखा अंगावर येत नाही, जवळ जावं लागतं. दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की फूल मान टाकतं, पण पुढची कळी तयार असते.

तक्रार एकच, पण मोठी: अळी. काळी, पांढऱ्या-नारिंगी ठिपक्यांची, झुंडीने येते. सप्टेंबरात दोन रात्रींत एका झाडाची पानं बुडापर्यंत फस्त. कडुनिंबाचं तेल फवारलं, फारसा फरक नाही. शेवटी बॅटरी घेऊन वेचल्या आणि साबणाच्या पाण्यात टाकल्या. कांदा शाबूत होता, पानं परत फुटली. दुसरं म्हणजे कांदा विषारी आहे. पोटात गेला तर उलट्या होतात, म्हणून लावताना उरलेले कांदे स्वयंपाकघरात ठेवू नका, शेळी-कुत्र्यालाही लांब ठेवा.

माझा हुरूप बघून मैत्रीण म्हणाली, कासहून वायतुरा आणू या. अजिबात नाही. इंग्रजी वायसारखा दुहेरी तुरा येणारा तो कंद सह्याद्रीच्या सड्यांवरच्या डबक्यांतला, शास्त्रीय नावातही साताराच, आधीच दुर्मीळ. त्याला तिथेच जाऊन बघावं.

कुंडीतले तीन कांदे आता बिनभोकाच्या टबात आहेत, काळ्या मातीत, मान तेवढी वर आणि वर दोन बोटं पाणी. अप्पांचा अजून विश्वास नाही. रोज सकाळी चहा झाला की जाऊन एकेक कांदा दाबून बघतात, मऊ पडला का.