साठीच्या डोळ्यांना एअर रायफलचा स्कोप : आयपीसच्या रिंगने दिलेला मनस्ताप

‘काका, एकदा डोळे तपासून घ्या.’ स्कोपमधला (रायफलवरच्या दुर्बिणीतला) क्रॉसहेअर, म्हणजे नेम धरायची फुली, सारखा पुसट होतो अशी तक्रार केल्यावर स्कोपच्या सर्व्हिसवाल्यांनी मला हे उत्तर दिलं, म्हणून सविस्तर लिहितोय. डोळे मी आधीच तपासून घेतले होते. नंबर होता तेवढाच, मोतीबिंदूही नाही. दोष स्कोपचाच होता, आणि तोही आयपीसच्या (डोळ्याजवळच्या भिंगाच्या) फोकस रिंगमध्ये, जिच्याबद्दल तरुण मंडळी रिव्ह्यूमध्ये एक ओळसुद्धा लिहीत नाहीत.

स्कोप ३-१२ बाय ४० चा, म्हणजे ३ ते १२ पट मोठं दाखवणारा आणि पुढची काच ४० मिमीची. पुढे एओ, म्हणजे टार्गेटच्या अंतराप्रमाणे चित्र स्पष्ट करायची रिंग, जवळात जवळ १० यार्डांवर फोकस होणारी. खाली .१७७ इंची छर्र्याची स्प्रिंगर, म्हणजे स्प्रिंगच्या जोरावर चालणारी एअर रायफल. 

चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं. ओपन साइटमध्ये मागची खाच, पुढची साइट आणि टार्गेट अशी तीन वेगवेगळी अंतरं सांभाळावी लागतात, आणि कुठलाही चष्मा लावला तरी एका वेळी एकच स्पष्ट दिसतं. स्कोप हा प्रश्न सोडवतो, कारण त्यात टार्गेट आणि क्रॉसहेअर एकाच पातळीवर दिसतात. मात्र क्रॉसहेअर आधी आपल्या डोळ्याला जुळवून घ्यावा लागतो. ते काम आयपीसच्या रिंगचं, एओचं नव्हे. रिंग थोडी सरकली तर तरुण डोळा ते सांभाळून घेतो. आपल्या डोळ्यात ती ताकद उरलेली नसते. रेषा लगेच जाड आणि करड्या दिसायला लागतात.

माझ्या स्कोपची रिंग झटकन फिरणारी, लॉक नसलेली. त्यात स्प्रिंगरचा धक्का दुहेरी: रायफल आधी मागे येते आणि पिस्टन टोकाला थडकला की पुढे ओढली जाते. रिंग आणि ट्यूब यांच्यावर मी पांढऱ्या मार्करने एकच सरळ रेघ ओढली. छर्र्यांची डबी संपायच्या आत रेघेचे दोन तुकडे झाले, मध्ये नखाएवढं अंतर. त्याचे फोटो पाठवले, तर म्हणे फोकस करणं हे ग्राहकाचं काम. शेवटी खोक्यावर छापलेल्या ‘स्प्रिंग एअर रायफलसाठी योग्य’ या ओळीचा फोटो पाठवला, तेव्हा कुठे बदलून मिळाला. कुरिअरचा खर्च मात्र माझ्याच माथी मारला. दोष त्यांचा आणि भुर्दंड मला, हे मला आजही मान्य नाही.

बदलून आलेल्या नगाला लॉक रिंग आहे आणि आता रेघ जागची हललेली नाही. रिंग लावताना कोऱ्या भिंतीकडे किंवा आभाळाकडे बघायचं (सूर्याच्या दिशेने कधीच नाही), क्षणभरच बघायचं आणि नजर काढून घ्यायची. टक लावून बसलात तर डोळा उगीच जुळवून घ्यायला धडपडतो आणि फसवतो.

पॉवरबद्दलचं, म्हणजे किती पट मोठं बघायचं याबद्दलचं, माझं मत मात्र पार बदललं. सुरुवातीला १२ वर टार्गेट जवळ आलेलं बघून मी हरखून गेलो होतो. पण ४० ला १२ ने भागा: डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत जेमतेम ३.३ मिमीचा. इतक्या बारीक झोतात डोळ्यातले तरंगणारे ठिपके ठळक दिसतात, आणि मान जरा हलली की चित्र काळं पडतं. ८ वर हाच झोत ५ मिमी होतो. १० मीटरच्या एअर रायफल कार्डावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो दिसायला मला ८ पुरतं. १२ आता बंदच. पुढच्या ५० मिमीच्या काचेसाठी जादा पैसेही घालू नका. उतारवयात बाहुली अंधारातही पूर्वीइतकी मोठी होत नाही, त्यामुळे कमी पॉवरवर तो जादा प्रकाश वाया जातो आणि वजन मात्र रोज उचलावं लागतं.

प्रकाशित रेटिकल, म्हणजे दिवा लागणारा क्रॉसहेअर, मला आधी नखरा वाटायचा. टार्गेटच्या काळ्या भागावर काळी रेषा हरवायला लागली, तेव्हापासून तो सर्वांत मंद पायरीवर लावतो. फर्स्ट फोकल प्लेनचा स्कोप, म्हणजे ज्यात पॉवरबरोबर क्रॉसहेअरही लहानमोठा होतो तो, आपल्या वयाला नकोच, कमी पॉवरवर त्याच्या रेषा केसाएवढ्या होतात.

चष्म्याचं म्हणाल, तर साधा नंबर रिंगने बऱ्याच अंशी भरून निघतो, सिलिंड्रिकल निघत नाही. माझा सिलिंड्रिकल आहे, म्हणून चष्मा लावूनच नेम धरतो. प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर असलेला) चष्मा इथे चालत नाही. गाल स्टॉकला टेकला की भिंगाच्या वरच्या कोपऱ्यातून बघावं लागतं आणि चित्र ओढल्यासारखं दिसतं. नुसता लांबच्या नंबरचा जुना चष्मा होता, तोच रायफलच्या पिशवीत टाकलाय. नवा करायची गरज पडली नाही.

तक्रार आता एकच उरली आहे. एओवरचे अंक इतके बारीक छापलेत की या चष्म्याने वाचताच येत नाहीत, आणि छापलेलं अंतर खऱ्या अंतराशी जुळतही नाही. मी टेपने अंतर मोजून, चित्र स्वच्छ दिसेल तिथे रिंगवर रंगाचे ठिपके दिलेत. १० मीटरला पांढरा, २५ ला पिवळा.