लेक लुईस: ॲग्नेसचं तळं की सहा हिमनद्यांचं पठार?

कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात लेक लुईसच्या काठावरून या दोन्ही वाटा सुटतात आणि दोन्हींवर जुनं चहाघर आहे. एकच दिवस हाताशी असेल, तर मी सहा हिमनद्यांच्या पठाराकडेच जायला सांगेन.

लेक ॲग्नेसची वाट एका बाजूने सुमारे 3.5 किमी, चढ जवळपास 400 मीटर. सुरुवातीपासूनच दम लागतो, बराच वेळ दाट झाडीतून चालावं लागतं. वरचं तळं सुरेख आहे, पण हिमनदी जवळून दिसत नाही. गर्दीही भरपूर.

दुसरी वाट चहाघरापर्यंत सुमारे 5.5 किमी. चढ साधारण तेवढाच, पण अंगावर येत नाही. सुरुवातीला तर तळ्याच्या काठाने सपाट चाल. तळ्याच्या पलीकडच्या टोकाला जरूर थांबा. हिमनदीने दळलेलं खडकाचं पीठ घेऊन ओढा इथे राखाडी, गढूळ होऊन येतो. त्यातले अगदी बारीक कण पाण्यात तरंगत राहतात, त्यांच्यामुळे उजेड विखुरतो आणि तळ्याला तो निळा-हिरवा रंग चढतो. पुढे झाडी विरळ होते, हिमनदीने आणून टाकलेला दगडगोटा सुरू होतो आणि समोर 3,464 मीटरचा माउंट व्हिक्टोरिया! कड्यावरून बर्फ कोसळताना आधी दिसतो, गडगडाट मागून ऐकू येतो.

पाय दमदार असतील तर हायलाइन वाटेने दोन्ही चहाघरं एकाच फेरीत जोडता येतात. मात्र पठाराकडची वाट हिमप्रपाताच्या उतारांखालून जाते, त्यामुळे बर्फ वितळेपर्यंत ती टाळा.