वाफेच्या मॉडेल इंजिनासाठी ट्रान्समीटर: दांड्यांचा की नॉबचा?

खऱ्या वाफेवर धावणाऱ्या मॉडेल इंजिनाला रेडिओ कंट्रोल बसवताना 2.4 गिगाहर्ट्झच्या रेडिओ वारंवारितेबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. 27 आणि 40 मेगाहर्ट्झच्या जुन्या संचांतील, वारंवारिता ठरवणाऱ्या क्रिस्टलच्या जोड्या आणि लांबलचक अँटेना यांतून सुटका झाली, हेच पुष्कळ आहे. प्रश्न उरतो तो हातात काय धरायचे याचा: विमानांसाठी बनलेला दोन दांड्यांचा ट्रान्समीटर, की मुठीत मावणारा नॉबचा? मी दोन्ही वापरले आहेत.

दांड्यांची बाजू दुबळी नाही. रेग्युलेटर (वाफ कमी-जास्त करणारी झडप) पूर्ण मिटल्यावरही तो फिरवणारा सर्व्हो, म्हणजे छोटी मोटर, जोर लावत राहिला, तर चालकाच्या केबिनमधून बारीक गुणगुण ऐकू येते आणि बॅटरी विनाकारण उतरते. अशा ट्रान्समीटरवर सर्व्होच्या हालचालीची टोके बहुधा बटणांनीच ठरवता येतात. साध्या नॉबच्या संचात मात्र बॉयलरमागच्या अरुंद जागेत हात घालून जोडतारेची लांबी कमी-जास्त करावी लागते.

तरीही मला सतत खटकत राहिली ती ट्रान्समीटरवर रेग्युलेटरच्या दांडीखाली असलेली, तिला टप्प्याटप्प्याने अडवणारी खाचांची पट्टी. रेग्युलेटरचा सुईसारखा व्हॉल्व्ह उघडू लागला की सुरुवातीच्या थोड्याशा फिरण्यातच बहुतेक सारे काम होऊन जाते. चढावर इंजिन एका खाचेत धापा टाकत थांबे, तर पुढच्या खाचेत चाके जागच्या जागी घसरत. हवा असलेला वेग नेमका दोन खाचांच्या मध्ये राही. त्यातच वाफेचा परिणाम क्षणभर उशिरा दिसत असल्याने दुरुस्तीवर दुरुस्ती करावी लागे आणि गाडीची चाल हिसक्यांची होई. पट्टी बदलून गुळगुळीत बसवता येते हे खरे. पण दांडीची चालच तोकडी, आणि नॉबला जवळपास पाऊण फेरी मिळते. अंगठ्याने तो केसभर सरकवावा, सोडून द्यावा आणि नजर गाडीवरच ठेवावी, ही सोय मला मोलाची वाटते.

अपवाद एक आहे. ज्या इंजिनात वाफेची दिशा उलटवणारा एकच व्हॉल्व्ह वेग आणि दिशा दोन्ही सांभाळतो, तेथे स्प्रिंगने मध्यावर परतणारी दांडी कदाचित अधिक योग्य ठरेल, कारण बोट सोडताच गाडी थांबते.

निवड कोणतीही असो, फेलसेफ (संपर्क तुटल्यास सर्व्होला ठरलेल्या स्थितीत नेणारी सोय) नसलेला रिसीव्हर मी घेणार नाही. अनेक रिसीव्हर बाइंड करतेवेळची, म्हणजे ट्रान्समीटरशी जोडी जुळवतानाची, स्थितीच फेलसेफ म्हणून लक्षात ठेवतात. म्हणून रेग्युलेटर बंद ठेवूनच बाइंड करावे आणि बर्नर पेटवण्यापूर्वी, रेग्युलेटर थोडा उघडून, ट्रान्समीटर बंद केल्यावर तो आपोआप मिटतो की नाही हे पाहून घ्यावे.