ब्युरो सोडून स्वतः मदतनीस ठेवल्यावर

मला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर होत जाणारा आजार. हाताची बोटं चालतात, बाकी अंथरुणातून खुर्चीत, खुर्चीतून संडासला, रात्री कूस बदलणं, सगळं दुसऱ्याच्या मदतीनं. जुळे सोलापुरात आमच्याकडे कित्येक वर्षं मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोची बाई यायची. पैसे भाऊ भरायचा, काम वहिनी सांगायची. मला अंघोळ घालणारी बाई कोण, हे ती दारात उभी राहिल्यावर मला कळायचं.

यंदा जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उरकली आणि आम्ही पद्धत बदलली. भाऊ तीच रक्कम आता माझ्या खात्यात टाकतो. तीत माझ्या अकाउंट्सच्या ट्यूशनचे थोडे पैसे घालून बाई मीच ठेवते, पगारही मीच देते. ब्रिटनमध्ये 1996 च्या कायद्यानं अशीच वाट मोकळी केली: नगरपालिकेनं मदतनीस पाठवण्याऐवजी पैसे त्या व्यक्तीलाच द्यायचे, माणूस तिनं निवडायचा. तिथे तो पैसा सरकारी असतो, आमच्याकडे भावाचा.

सगळ्यात मोठा फरक अंघोळीत पडला. ब्युरोच्या बाईला सकाळी आल्या आल्या अंघोळ उरकायची असे, कारण तिच्या ड्यूटीत ते तसं बसायचं. माझी ट्यूशनची मुलं मात्र सकाळीच शिकायला येतात. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीच्या वर, दिवसभर खुर्चीत पाठ भिजलेली, आणि रात्री तशीच घामट झोपायचं. आता अंघोळ संध्याकाळी. पाठीवर सारखी येणारी लाली या उन्हाळ्यात आली नाही. नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून केस कधी धुवायचे ते पाणी बघून मी आणि मी ठेवलेल्या मावशी ठरवतो.

मावशी शहराच्या पूर्व भागातल्या, आधी घरी विड्या वळायच्या. आजारी माणसाकडे काम केलेलं नव्हतं, आणि मला ते बरंच वाटलं. उचलायचं कसं हे मी शिकवलं: काखेत हात घालायचा नाही, माझे खांदे सुटतात, कमरेच्या पट्ट्याला धरायचं, आधी गुडघे जुळवायचे, मी ‘हं’ म्हटल्यावरच उठवायचं. अनुभवी बायका हे ऐकून घेत नसत.

मला जड गेलं ते घरातलं. मावशी सवयीनं वहिनीला विचारायच्या, “अक्कांना जेवायला काय देऊ?” मी शेजारीच बसलेली. वहिनीनंच एक दिवस सांगितलं, “मला नका विचारू, त्यांनाच विचारा.” त्या दिवशी मी शेंगाचटणी आणि कडक भाकरी मागितली, दुधात कुस्करून. वहिनी मला पचेल तेच द्यायची, प्रेमानंच द्यायची. तरी माझ्या ताटात काय हवं हे मला कुणी विचारावं, याची किंमत मला फार आहे.

त्रासही आहे. मावशींच्या घरी लग्न निघालं की बदलीची बाई मीच शोधायची. ब्युरो तेवढं तरी करायचा. म्हणून गल्लीतल्या एका ताईंना दर महिन्याला थोडे पैसे देऊन हाताशी ठेवलंय. हजेरी, सुट्ट्या, उचल याची वही ठेवावी लागते. खर्च जवळपास तेवढाच आहे, फक्त कमिशन होतं ते आता मावशींच्या पगारात जातं.

ज्यांना पैसे देणारा भाऊ नाही त्यांचं काय, हे मला सतत टोचतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 5 मध्ये वैयक्तिक मदतनिसाचा उल्लेख आहे, कलम 13 आपले पैसे आपण सांभाळायचा हक्क देतं, आणि जास्त आधार लागणाऱ्यांना कलम 38 खाली अर्ज करता येतो. पण संजय गांधी निराधार योजनेच्या महिन्याच्या अनुदानात दिवसभराच्या बाईचा महिन्याचा पगार भागत नाही. मदतनिसासाठी वेगळी रक्कम, थेट खात्यात, ही मागणी आपण लावून धरायला हवी.

कुणी हे सुरू करणार असेल तर बाई शोधण्याआधी आपला दिवस कागदावर लिहून काढा: किती वाजता उठायचंय, कोणती कामं आपल्याला कुणी करायला नकोत, रात्री किती वेळा हाक मारावी लागते. पगाराचं बोलणं त्या कागदावरूनच करा, आणि घरच्यांनाही तो आधी वाचायला द्या.